लग्न लावते कोण?

महाराष्ट्र आणि गोव्यातील विवाहविधींची वर्णने बहुधा हिरवा चुडा, पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या आणि रुखवताची आरास यांपाशीच रेंगाळतात. समाजरचना समजून घ्यायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो : लग्न लावण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या विधीत वधूला तोंड उघडायला किती वाव?

पुरोहिताने लावलेल्या रूढ लग्नात वधू गौरीहरापाशी, म्हणजे अन्नपूर्णेच्या पूजेला, बसते. मामा तिला बोहल्यावर आणतो, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी मंगलाष्टके इतरच म्हणतात आणि कन्यादानात पिता तिला वराच्या हाती सोपवतो. एवढ्या गजबजाटात बोलणे तेवढे तिच्या वाट्याला येत नाही.

डहाणू-तलासरीकडील वारली समाजात हेच चित्र बरेच पालटते. तिथे परंपरेने लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नगीतांतून देवदेवतांना आवाहन करणारी स्त्री. शेणाने सारवून गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठात काडी बुडवून लग्नचौक लिहितात, चौकटीत पालघट देवी अवतरते आणि हा चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. वधूच्या घरी वराकडून देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याचीही रीत आहे. देज आणि जेवणावळीचा खर्च झेपत नसेल तर जोडपे आधी संसार मांडते आणि विधी पुढे सवडीने, क्वचित मुले मोठी झाल्यावरही, उरकला जातो. पांढरपेशांना हे विपरीत वाटले, तरी यात कोणालाही तोंड लपवावे लागत नाही. सवाशिणींच्या चौकाची हीच चित्रे भिंतीवरून कागदावर आल्यावर मात्र गाजली ती प्रामुख्याने पुरुष चित्रकारांच्या नावाने. त्यांतील अग्रणी जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.

धवलेरीचा अधिकार परंपरेतून आलेला होता. सत्यशोधकांना तो भांडून मिळवावा लागला. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरला पुण्यात पुरोहिताविना विवाह लावला आणि सावित्रीबाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे फुल्यांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वराला त्याबाबत वचन द्यावे लागते. अंतरपाटाआड मुकी उभी असणारी मुलगी इथे अटी घालू लागली. विरोध झाला तो केवळ धर्मभावनेपोटी नव्हे, कारण ग्रामजोशी हे वतन होते आणि लग्नाला न बोलावताही वतनदार आपल्या दक्षिणेवर हक्क सांगत असे. धार्मिक विधींच्या या वतनी मानधनाला मुंबई इलाख्यात कायद्याने मूठमाती मिळायला 1926 उजाडावे लागले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विवाहांनी त्रिशरण-पंचशील, पांढरी वस्त्रे आणि मोजका विधी एवढ्यावर लग्न लावून पुरोहिताची गरजच संपवली.

कोकणातील बेने इस्राएल ज्यूंत वधूच्या मेंदीला मराठी गाणी होतात, प्रेषित एलियाच्या नावाने गोड पोह्यांचा आणि फळांचा मलिदा ठेवला जातो आणि प्रार्थनामंदिरात येणाऱ्या वधूला उद्देशून वर स्वतः हिब्रू स्तोत्र गातो; म्हणजे इथे विधीत आवाज उमटतो तो वराचा.

गोव्यातील ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात, याला रोस म्हणतात, आणि चुडा भरण्यात मामाच्या घराचा मान मोठा. रोस हळदीच्या जवळचा, तर मामा बोहल्यावरचाच. चर्चने सांगितलेल्या श्रद्धेपेक्षा घरातल्या रीती चिवट ठरल्या. तथापि वधूच्या दृष्टीने खरा फरक पडतो तो नागरी निबंधकापुढील सहीने. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक ठरते आणि तीत दोघांचा निम्मा वाटा असतो. हा नियम गोव्यातील हिंदू वधूलाही लागू आहे, मग तिचे कन्यादान झालेले असो वा नसो.