गाडी चालते म्हणजे बरी आहे?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर नांदगाव पेठ लागतं. कधीकाळी सहा नंबरचा म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. याच महामार्गावर अमरावती ते अकोला या भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ते सुधारले तसा वेगही वाढला. दुभाजकाच्या कडेचा दगड मात्र होता तेवढाच कठीण आहे.

त्या दगडावर चाक आदळलं तर काय पाहावं, ते आज सांगतो. मी कवितेचा माणूस. पण भाच्याच्या गाडीचं उजवं चाक असंच आदळलं, तेव्हा पेठेतल्या मिस्तरीजवळ बसून हे समजून घेतलं. तो म्हणाला, ‘‘चाचा, गाडी चालते म्हून बरी हाये, असं नसते.’’

खड्ड्याचा दणका खालून येतो. तो झेलायला स्प्रिंग आणि शॉकअप असतात. दगडाचा मार समोरून किंवा बाजूनं बसतो आणि टायर, रिम यांच्यातून लोअर आर्म व टायरॉडपर्यंत पोचतो.

आधी टायर बघा, आतल्या बाजूनंही. फुगा आला असेल तर आतले धागे तुटले असं समजा. वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हात, भर वेगात तो फुटला तर गाडी हाती राहत नाही. तिथंच स्टेपनी लावा.

मग स्टेअरिंग. सरळ रस्त्यावर ते तिरपं राहतं का, गाडी एका बाजूला ओढते का? वेगात थरथर आली तर रिम वाकल्याचा संशय घ्या. वळताना खटखट झाली, शॉकअपवर तेल दिसलं, तर थेट मिस्तरी गाठा.

एक सोपी परीक्षा सुतळीची. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी धरा. दोन्हीकडे ती जवळपास सारखी भरली पाहिजे. भाच्याच्या गाडीत डावीकडे पुरलेली सुतळी उजवीकडे बोटभर उरली. मार खाऊन लोअर आर्म वाकला होता आणि चाक मागं सरकलं होतं.

खरी फसगत पुढे असते. बरेच जण नुसतं व्हील अलाइनमेंट करून घेतात. त्यात टायरॉड फिरवून चाकांची दिशा जुळवता येते, स्टेअरिंग सरळ होतं आणि वाकलेला आर्म तसाच झाकला जातो. म्हणून काही फिरवण्याआधीचे आकडे छापून मागा. चाकाचा उभा कल डावीकडे एक, उजवीकडे भलताच असेल, तर आधी वाकलेला भाग शोधायला सांगा.

तापवून, ठोकून आर्म सरळ करून देणारेही भेटतात. दिसायला तो सरळ होतो, पण लोखंडाची ताकद गेलेली असते. पैसे लागले तरी नवा बसवा. मगच मुलाबाळांना घेऊन हायवेला लागा.