डेल्मरच्या अल्याड-पल्याड

सेंट लुईसच्या सेंट्रल वेस्ट एंडमध्ये, युक्लिड अ‍ॅव्हेन्यूला लागून असलेल्या एका गल्लीत मी फुटपाथच्या कडेला उकिडवा बसून काचा बघतोय. गाडीच्या दाराची काच फुटली की तिचे हिरवट, जाडसर खडे होतात. तसे ओंजळभर खडे इथे पडलेत. त्यांच्यावर धूळ बसलीय, वाळका पाला चिकटलाय. म्हणजे फोडाफोडी जुनी आहे. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, आणखी कुठे काचा नाहीत. पण रांगेत उभ्या असलेल्या जुन्या किआ आणि ह्युंदाई गाड्यांच्या स्टिअरिंगला लोखंडी दांडे अडकवलेले आहेत. चोरी रोखणारं इमोबिलायझर नसलेली ही मॉडेल्स २०२२ मध्ये इथे इतकी चोरीला जाऊ लागली की पुढच्या वर्षी शहराने दोन्ही कंपन्यांवर खटला भरला.

विमा कंपनीसाठी घरफोड्यांची पाहणी करण्यात माझी हयात गेली. त्यामुळे भाचीसाठी भाड्याची जागा बघतानाही नजर आधी जमिनीकडे जाते, मग कुलपाकडे, मग दिव्यांकडे.

"मामा, बाबांनी परत तीच यादी पाठवलीय," सायली फोन पुढे करते. अमेरिकेतली सर्वांत धोकादायक शहरं, आणि त्यात सेंट लुईस अगदी वर. दाजी कोल्हापुरात बसून काळजी करताहेत, आणि बापाने काळजी करायचीच. पण या यादीमागचा भागाकार त्यांना कुणी सांगितलेला नाही. १८७६ मध्ये हे शहर आपल्याच काउंटीतून फुटून निघालं आणि त्याची हद्द तिथेच गोठली. आजूबाजूचा सगळा पसारा धरला तर वस्ती अठ्ठावीस लाखांच्या आसपास, शहराच्या हद्दीत मात्र तीन लाखांहूनही कमी. निवांत उपनगरं हिशेबाबाहेर राहतात. स्टेडियमवर सामना बघायला आलेल्याची गाडी फुटली तर गुन्हा शहराच्या खात्यावर चढतो, तो माणूस लोकसंख्येत धरला जात नाही. असे क्रम लावू नका, असं एफबीआय स्वतःच बजावते.

तरीही नुसता भागाकार दाखवून मला मोकळं होता येत नाही. २०२० मध्ये या एवढ्याशा शहरात २६३ खून झाले. २०२४ मध्ये ते १५० वर आले. उतार खरा आहे, पण दीडशे घरांत माणूस गेलं हेही तितकंच खरं. ही घरं कुठली, ते दाखवायला मी सायलीला उत्तरेकडे नेतो.

डेल्मर बुलेवर्ड ओलांडतो. रस्ता काही फार रुंद नाही. दक्षिणेला बहुतांश गोरी, सुखवस्तू वस्ती. उत्तरेला जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. ही रेघ आपोआप पडलेली नाही. कुणी कुठे राहायचं हे वंशावरून ठरवणारा कायदा १९१६ मध्ये इथल्या मतदारांनी मतदान करून आणला. तो न्यायालयात टिकला नाही, तेव्हा खरेदीखतातच अट घातली जाऊ लागली की घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. उत्तरेतल्या लाबॅडी अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरावरून शेली कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं, तेव्हा १९४८ मध्ये न्यायालयांनी त्या अटी बजावणं थांबवलं. तोवर पैसा, कर्ज, दुकानं कुठे जायची हे ठरून गेलं होतं.

फाउंटन पार्कपाशी मार्टिन ल्यूथर किंग यांचा पुतळा आहे. आसपासच्या छपरांवर मे २०२५ च्या टोर्नेडोनंतर टाकलेली निळी ताडपत्री अजून फडफडतेय. एका रिकाम्या प्लॉटवर फक्त दगडी पायऱ्या उरल्यात, वर घर नाही. आम्ही तिथे थबकतो तोच पलीकडच्या ओट्यावरून एक आजीबाई हाक मारतात, "कुणाला शोधताय?" मी सांगतो, नुसतं बघतोय. "ते घर वादळानं नाही नेलं," त्या म्हणतात, "त्याच्या कितीतरी आधी विटा चोरणाऱ्यांनी नेलं." सेंट लुईसच्या लाल विटांना दक्षिणेतल्या राज्यांत भाव आहे. ओसाड घराची भिंत पाडायची आणि विटा गाडीत भरायच्या. सायली विचारते, तुम्हाला भीती नाही वाटत? "वाटते ना. पण मी इथे बसले नाही तर बघणार कोण?"

पाहणीच्या कागदावर या बाईंची नोंद करायला रकाना नसतो. माझ्या मते तो असायला हवा, आणि कुलपाच्या आधी असायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅस आणि जेफरसन रस्त्यांच्या चौकात आहोत. समोर रान माजलंय. इथे प्रुइट-आयगो ही गरिबांसाठीची सरकारी वसाहत होती. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी, पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभारणारे. विसाव्या वर्षाच्या आतच, १९७२ मध्ये, त्या पाडायला सुरुवात झाली. इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवणाऱ्या ऑस्कर न्यूमन यांनी या इमारती आतून पाहिल्या होत्या. वीस कुटुंबांच्या सामाईक व्हरांड्यात घाण, मोडतोड आणि भीती होती. त्याच इमारतीत जिथे दोनच दारं समोरासमोर उघडत, ती जागा लोकांनी स्वच्छ ठेवली होती. माणसं तीच, गरिबीही तीच. त्या निरीक्षणातून त्यांचं ‘डिफेन्सिबल स्पेस’ हे पुस्तक आलं.

परत युक्लिडला येतो. पहिल्या जागेचा मालक गेटवरच्या कॅमेऱ्याचं कौतुक करतो, पण लांबलचक पॅसेजमधला अर्धा उजेड गेलाय आणि शेजारच्या दाराआड कोण राहतं ते त्यालाही ठाऊक नाही. दुसरी जागा तीन मजली, जुन्या विटांची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोनच दारं. समोरच्या दारातून एक नर्स ड्यूटीला निघालीय. सायलीला नाव विचारते, मागच्या अंगणातला दिवा गेला तर कुणाला फोन करायचा तेही सांगते. मी मागच्या दाराची कडी ओढून पाहतो. घट्ट आहे. सायली करारावर सही करते आणि गाडी घ्यायची तर कुठली घ्यायची नाही, हे तिला आता सांगावं लागत नाही.

मुलांना अमेरिकेत धाडणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे. सेंट लुईसचे पोलीस ७९ विभागांचे आकडे वेगवेगळे देतात, आणि असे आकडे इतरही अनेक शहरांत मिळतात. यादी बाजूला ठेवून आपल्या मुलाच्या विभागाचे आकडे काढा. आणि करार करण्याआधी त्याला दिवेलागणीनंतर त्या गल्लीतून, फोन खिशात ठेवून, एकदा चालून यायला सांगा.