खानापूरच्या रानातील सिद्दी शेजारी

निपाणीकडील तंबाखूची शेते मागे टाकून, बेळगाव व खानापूर ओलांडून आपण हल्याळ-यल्लापूरच्या रानाकडे वळलो म्हणजे वाटेत ज्या लहान वस्त्या लागतात, त्यांपैकी काही सिद्दी लोकांच्या आहेत. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांतील पुष्कळांना मोझांबिककडून गुलाम म्हणून गोव्यात आणले. धन्याचा जाच असह्य होऊन जे पळाले, ते घाट चढून या अरण्यात लपले. मूळची भाषा केव्हाच लोपली. आता घरात कोंकणी वळणाची बोली, बाजारात कानडी आणि खानापूरकडे मराठीही. तरी परका मनुष्य त्यांस "तुम्ही कोणत्या देशाचे?" असे विचारतो, याची आम्हांस लाज वाटते.

त्यांचा शेजार बहुरंगी आहे. हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागा, ज्यांत कित्येक सिद्दींनी पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली, गवळी-धनगरांची गुरे, कुणब्यांची भातखाचरे. खुद्द सिद्दींत हिंदू, मुसलमान व कॅथोलिक असे तिन्ही आहेत. परंतु सणासुदीस दमाम वाजू लागला, की त्याच्या तालावर सारेच नाचतात. धर्म निराळे असूनही सोयरिकी होतात.

त्यांच्या स्त्रियांची 'कवंद' तर आमच्या वाचक भगिनींनी अवश्य पाहावी. आपल्या वाकळेचीच ही बहीण. जुनी लुगडी व कपडे यांचे तुकडे जोडून, हाताने धावदोरा घालून ती शिवतात. कोणी तीवर क्रूस शिवते, कोणी चंद्रकोर. चारही कोपऱ्यांस कापडाच्या घडीची 'फुले' लावल्यावाचून कवंद पुरी होत नाही; फुलांवाचून ती उघडी, असे त्या मानतात.

सीमेची गोष्ट मात्र कडू आहे. 2003 साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. जिल्ह्याची रेषा ओलांडून खानापुरात राहणारा त्यांचाच सोयरा बाहेर राहिला! रक्त एक, रान एक. पण शिष्यवृत्ती एकाच्या मुलास, दुसऱ्याच्या नाही. बेळगाव व धारवाडच्या सिद्दींचा समावेश होण्यास 2020 साल उजाडावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्या समाजातील ते पहिले आमदार.

खानापूरकडील ज्या सिद्दी घरांनी जमातीचा दाखला अद्याप काढला नसेल, त्यांना तहसीलदार कचेरीपर्यंत सोबत करणे शेजाऱ्यांस सहज शक्य आहे.