उजेडाची खातेवही

प्रात्यक्षिक हा शब्द आपल्याकडे भलताच लाडका आहे. नवी योजना निघाली की एखादे गाव निवडायचे, फलक लावायचा, पाहुणे बोलावायचे, नारळ फोडायचा. पाच वर्षांनी तिथे काय उरले, हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही.

बँकेतल्या माणसाला मात्र फिरकावे लागते. ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत असताना गोबरगॅसच्या कर्जांची तपासणी करायला मी वाड्यावस्त्यांवर पुष्कळ हिंडलो. एखाद्या घरात निळी ज्योत छान पेटलेली असे. शेजारच्याच घरी गंजलेल्या टाकीवर कडबा रचून ठेवलेला दिसे. बांधकाम सारखे, अनुदान सारखे, हप्ताही सारखाच. फरक असे तो रोज सकाळी शेण कालवून खड्ड्यात घालणाऱ्या हातांचा. ते हात बहुधा घरातल्या बाईचे असत आणि कर्जाच्या कागदावर तिची सही नसे. तेव्हापासून मला सवयच लागली. सौरऊर्जेवरच्या किंवा पवनचक्कीवरच्या गावाची बातमी वाचली, की किती किलोवॅट हे मी नंतर पाहतो. आधी विचारतो, वही कोणाकडे आहे?

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. तीस-एक वर्षे तिथे वीज नव्हती. 2014च्या जुलैमध्ये ग्रीनपीस या संस्थेने पुढाकार घेऊन तिथे 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा केला. सुमारे साडेचारशे घरे, दुकाने, रस्त्यावरचे दिवे आणि शेतीचे पंप यांना वीज मिळाली. देशभर कौतुक झाले. पण काही दिवसांतच नीतीशकुमार गावात आले, तेव्हा लोकांनी त्यांच्यापुढे मागणी केली ती ‘असली बिजली’ची! खरी वीज द्या, ही नको.

वरवर पाहता हा कृतघ्नपणा वाटेल. पण त्या घरांत जाऊन विचार करून पाहा. सौर जोडणीवर दिवा, पंखा, मोबाईल एवढे चालायचे. फ्रीज, इस्त्री, हीटर यांना बंदी. शहरातल्या माणसाने काहीही लावावे आणि आम्ही मात्र वॉट मोजत बसावे, हे त्यांना का रुचावे? पुढे सरकारी तारा गावात पोहोचल्या. ती वीज स्वस्त होती आणि तिच्यावर सारे काही चालत होते. सौर प्रकल्पाच्या बॅटऱ्या तीनेक वर्षांत थकल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत. 2021मध्ये बातमी आली ती प्रकल्पाच्या जागेत गुरे बांधली जात असल्याची. ती वाचताना मला टाकीवरचा तो कडबा आठवला.

आता दुसरी वही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापाशी एग नावाचे चिमुकले बेट आहे. ते एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे विकले जाई. 1997 साली तिथल्या साठ-पासष्ट रहिवाशांनी न्यास स्थापून, जगभरातून देणग्या गोळा करून ते बेटच विकत घेतले. मुख्य भूमीवरून वीज आणणे परवडणारे नव्हते, घरोघर डिझेलची यंत्रे धडधडत. मग 1 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांची स्वतःची वीज सुरू झाली. तीन ओढ्यांवर छोटी जलविद्युत यंत्रे, प्रत्येकी 6 किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, सौर पत्रे, बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेल. खर्च सोळा लाख पौंडांच्या घरात आला आणि त्यातला मोठा वाटा अनुदानाचाच होता.

अनुदान तर धरनईलाही होते. मग वेगळे काय होते? एगमध्ये नियम लोकांनी स्वतः ठरवला. कोणत्याही घराने एका वेळी 5 किलोवॅटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, व्यवसायाने 10. घर लहान असो वा मोठे, मर्यादा सारखीच. ती ओलांडली की त्या घराची वीज जाते आणि पुन्हा सुरू करून घ्यायला दंड पडतो. पैसे आगाऊ भरायचे, मीटर तसा चालतो. देखभालीला बेटावरचीच माणसे शिकवून तयार केली. 2010मध्ये पाऊस कमी झाला, ओढे आटले, तेव्हा सर्वांनीच वापर कमी केला. उलट वीज जास्त झाली की ती गावाच्या सभागृहासारख्या सामाईक इमारती उबदार ठेवायला वापरतात.

हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. 5 किलोवॅटमध्ये किटली आणि धुलाई यंत्र एकदम चालते. धरनईच्या माणसाला त्याच्या पासंगालाही पुरेल इतके मिळाले नव्हते. शिवाय एगच्या लोकांना ‘असली बिजली’चा पर्याय नव्हता. तरीही मला वाटते, सर्वांना सारखी, पुरेशी आणि स्वतः ठरवलेली मर्यादा माणूस पाळतो. दुसऱ्याने आखून दिलेली त्याला टोचते.

आपल्या पुणे जिल्ह्यातही डोंगरातल्या दरेवाडीत 2012 साली 39 घरांसाठी 9.4 किलोवॅटचा सौर प्रकल्प झाला. पैसा बॉश कंपनीचा, काम ‘ग्राम ऊर्जा’ संस्थेचे. प्रत्येक घराला मीटर आणि बिलाची वसुली गावाकडेच, अशी व्यवस्था केली गेली. मला त्यातली मीटरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फुकटच्या दिव्याची काच कोणी पुसत नाही.

वारा आणि ऊन यांची जोडी तर आपल्याला निसर्गानेच लावून दिली आहे. आषाढात सूर्य दिसत नाही, तेव्हा सह्याद्रीच्या पठारांवर वारा माणसाला उभे राहू देत नाही. वारा पडतो तेव्हा ऊन असते. उणीव आहे ती घसाऱ्याची. बँकेच्या भाषेत घसारा म्हणजे वस्तू झिजते हे मान्य करून दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकणे.

हे फक्त खेड्यांपुरते नाही. 2024 साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि आमच्या सोसायटीतही गच्चीवर सौर पत्रे बसवण्याची चर्चा निघाली. सभेत तासभर अनुदानावर बोलणे झाले. पत्रे धुणार कोण, यावर दोन मिनिटे. सौर पत्रे पंचवीस वर्षे टिकतात, इन्व्हर्टर मात्र त्याआधीच बदलावा लागतो. त्या खर्चासाठी पहिल्या महिन्यापासून वेगळे खाते उघडा, एवढीच सूचना मी केली. एक आजी हळूच म्हणाल्या, “मग खात्यावर सही आमचीही घ्या, गच्चीवर वाळवणाला आम्हीच जातो.”

ठरावात ती ओळ घातली आहे.