उन्हात मोबाइल दिसत नाही, पोरांची पाटी मात्र दिसते. कशी काय?

भर दुपारी किहीमच्या वाळूत बसून मोबाइल उघडून बघा. ब्राइटनेस फुल्ल केला तरी हाताचा आडोसा धरल्याशिवाय मेसेज वाचता येत नाही, आणि बॅटरी मात्र झरझर उतरते. आता शेजारच्या चटईवरच्या पोराच्या हातातली एलसीडी पाटी बघा. तीच ती काळी पाटी, जिच्यावर प्लॅस्टिकच्या काडीने हिरवं लिहायचं आणि बटण दाबून पुसायचं. ऊन जितकं कडक, तितकी तिची अक्षरं ठसठशीत! आत असतो फक्त नाण्यासारखा एक चपटा सेल.

गंमत म्हणजे या पाटीत दिवा नाही आणि हिरवा रंगही नाही. आत असतो कायरल लिक्विड क्रिस्टलचा अगदी पातळ थर. लिक्विड क्रिस्टल द्रवासारखं वाहतं, पण त्याचे लांबट रेणू एका दिशेला तोंड करून शिस्तीत राहतात. कायरल म्हणजे डाव्या-उजव्या चपलेसारखं: दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अशा रेणूंमुळे प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा किंचित वळतो आणि गोल जिना तयार होतो. जिन्याचा एक पूर्ण फेरा साधारण 340 नॅनोमीटरचा असेल, तर तो उन्हातला फक्त हिरवा प्रकाश परत फेकतो. फेरा लांबला की लाल, आखडला की निळा. या परावर्तनाचं बारीक गणित 1960 च्या दशकाच्या अखेरीस मांडणाऱ्यांत शिवरामकृष्ण चंद्रशेखर होते. हे नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी, बरं का!

जिना एकाच बाजूला वळलेला असल्यामुळे तो एकाच बाजूला फिरणारा प्रकाश परतवतो. म्हणजे जास्तीत जास्त निम्मा, म्हणून ही अक्षरं कागदाइतकी उजळ कधीच होत नाहीत. घरी थ्रीडी सिनेमाचा चष्मा आहे? मान तिरकी केली तरी थ्रीडी नीट दिसतं, तसला हवा. एकेक डोळा मिटून पाटी बघा. एका काचेतून अक्षरं दिसतील, दुसरीतून जवळजवळ गायब. काही चकचकीत भुंगेऱ्यांच्या पाठीवरही अशीच रचना असते. मायकेलसन या शास्त्रज्ञाला ते 1911 मध्येच लक्षात आलं होतं.

मग विजेचं काम काय? काडी दाबली की आतला द्रव सरकतो आणि जिने पाटीवर ताठ उभे राहतात, म्हणून हिरवं दिसतं. बटण दाबलं की विजेचा एक झटका बसतो, जिने वाटेल तसे आडवेतिडवे पडतात आणि प्रकाश आरपार जाऊन मागचा काळा थर दिसतो. दोन्ही अवस्था विजेशिवाय तशाच टिकतात. वीज लागते ती फक्त पुसताना. अमेरिकेतल्या केंट डिस्प्लेज कंपनीने 2010 मध्ये अशी पाटी बाजारात आणली. आज ती आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानातही मिळते.

एवढं छान आहे तर मोबाइलमध्ये का नाही? कारण हे जिने सावकाश हलतात. त्यावर रील बघायची म्हटलं तर डोकं धरून बसाल. शिवाय एक थर एकच रंग देतो, सगळे रंग हवे तर तीन थर एकावर एक रचावे लागतात.

या एका-रंगाच्या अडचणीवर एक वाट सापडली आहे. 2015 मध्ये केंट स्टेट विद्यापीठातल्या लावरेंतोविच यांच्या गटाने वेगळ्या मिश्रणात विजेने जिना न मोडता नुसता फेरा आखडून दाखवला. व्होल्टेज वाढवत गेलं की तोच थर लाल, हिरवा, निळा होत जातो. प्रयोगशाळेत हे जमलंय, खिशातल्या स्क्रीनपर्यंत अजून आलेलं नाही.

तोवर त्या पोराकडून पाटी दोन मिनिटं मागून घ्या आणि उन्हात हळूहळू तिरकी करा. वीज नाही, बटण नाही, तरी हिरवी अक्षरं निळसर होत जातील. तिरक्या प्रकाशाला तोच जिना आखूड असल्यासारखा वाटतो.