जुन्या प्रशिक्षकाची पोरं, नव्याचा करंडक

एप्रिल २०१६मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाने क्विनिपिॲकचा ५-१ असा फडशा पाडून अमेरिकेचं महाविद्यालयीन अजिंक्यपद पटकावलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून ब्रॅड बेरी यांचं ते पहिलंच वर्ष, त्यामुळे त्यांचं कौतुक होणं साहजिक होतं. पण पुढच्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद झाला आणि २०१८ व २०१९मध्ये तर १६ संघांच्या त्या स्पर्धेत त्याला जागाही मिळाली नाही. बेरी दोन वर्षांत खेळ विसरले, असं कोणी म्हणणार नाही. खरी गोष्ट अशी, की २०१६चा संघ बव्हंशी आधीचे मुख्य प्रशिक्षक डेव्ह हॅकस्टॉल यांनी जमवलेला होता. ते २०१५मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडे गेले. अजिंक्यपदाच्या मोसमात पहिल्या वर्षाला असलेल्या ब्रॉक बोझरचा होकारही त्यांच्याच काळातला. म्हणून नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या दोन वर्षांच्या निकालांवरून त्याची पारख करू नये, असं माझं मत आहे. ते निकाल बरेचसे आधीच्या माणसाच्या खात्यातले असतात.

याचं मूळ खेळाडू मिळवण्याच्या पद्धतीत आहे. नियमानुसार प्रशिक्षकाला मुलाशी बोलता येतं ते तो दहावीत असताना, १ जानेवारीपासून. शिष्यवृत्तीचा देकार देता येतो अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. त्यानंतरही बरीच मुलं एक-दोन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये काढतात आणि एकोणीस-विसाव्या वर्षी विद्यापीठात पाऊल ठेवतात. म्हणजे आज दिलेल्या शब्दाचं फळ तीन-चार वर्षांनी हाती येतं. तेही टिकेलच असं नाही, कारण व्यावसायिक संघ चांगला खेळाडू शिक्षण अर्धवट असतानाच उचलून नेतात. बोझर दोन मोसमांतच गेला. गावोगावच्या रिंकमध्ये थंडीत कुडकुडत सामने पाहणारे, मुलाच्या आईवडिलांशी वर्षानुवर्षं संबंध राखणारे असतात ते मुख्यतः सहायक प्रशिक्षक. वारसा सांभाळणारे खरे तेच. वर्तमानपत्रांत मात्र त्यांची नावं क्वचितच येतात.

डेन्व्हर विद्यापीठाचं उदाहरण इथे बोलकं आहे. डेव्हिड कार्ल तिथे खेळायलाच येणार होता, पण २००८मध्ये त्याला हृदयविकार असल्याचं उघड झालं आणि खेळणं कायमचं थांबलं. तेव्हाचे प्रशिक्षक जॉर्ज ग्वोझडेकी यांनी तरीही त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवली. विद्यार्थी असतानाच तो प्रशिक्षणाच्या कामाला लागला, पुढे ग्रीन बेच्या ज्युनिअर संघात सहायक झाला आणि २०१४मध्ये जिम माँटगोमेरी यांचा सहायक म्हणून डेन्व्हरला परतला. २०१८मध्ये माँटगोमेरी डॅलसच्या व्यावसायिक संघाकडे गेले, तेव्हा विद्यापीठाने अवघ्या २८ वर्षांच्या कार्लच्या हाती संघ दिला. पुढच्याच वर्षी संघ अंतिम चौघांत पोहोचला, पण ते यशही मी निम्मंच धरीन. २०२२चं आणि विशेषतः २०२४चं अजिंक्यपद मात्र त्याचं स्वतःचं. तोवर संघात त्याच्या कारकिर्दीतच आलेली मुलं होती.

मग घरचाच सहायक नेमावा, एवढं सोपं आहे का? नाही. बेरीही हॅकस्टॉल यांचे सहायकच होते. मिशिगन विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक रेड बेरन्सन यांच्या हाताखाली वीसहून अधिक वर्षं काढलेले मेल पिअर्सन २०१७मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी अंतिम चौघांत पोहोचले. तरी २०२२मध्ये, संघातल्या वातावरणाबद्दलच्या चौकशीनंतर, विद्यापीठाने त्यांचा करार पुढे चालवला नाही. खेळाडूंची रांग लागलेली असली म्हणून कारभार नीट चालतोच असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता खेळाडू सहज विद्यापीठ बदलतात. शिवाय २०२५पासून कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमधल्या मुलांनाही दार उघडलं आहे आणि गॅव्हिन मॅकेनासारखा खेळाडू तिथल्या मेडिसिन हॅटच्या संघातून थेट पेन स्टेट विद्यापीठात आला. मग तीन-चार वर्षांच्या मशागतीला अर्थ काय उरला? संघ लवकर उभा राहू शकतो, हे मान्य. पण जी सोय येण्याची, तीच जाण्याची. प्रशिक्षक बदलला की गोंधळलेल्या मुलाला दुसऱ्या विद्यापीठाचा फोन येतो. त्याला थांबवायला ओळखीचा माणूस लागतो, आणि तो दिवसांत लागतो, वर्षांत नव्हे. उदाहरणार्थ, २०२५मध्ये नॉर्थ डकोटाने बेरींना काढून जवळपास दोन दशकं सहायक असलेल्या डेन जॅक्सन यांना बढती दिली, पण त्यांच्या जोडीला व्यावसायिक संघांत असतं तसं जनरल मॅनेजरचं वेगळं पद तयार करून त्यावर एका माजी खेळाडूला बसवलं.