डोळ्यातलं इंजेक्शन आणि त्यानंतरचे दिवस

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पांत शुगर असतेच, आणि आता ‘डोळ्यातलं इंजेक्शन’ही. त्याबद्दलचे समज मात्र धोक्याचे आहेत.

‘नव्या रक्तवाहिन्या आल्या, म्हणजे रक्तपुरवठा सुधारला.’ उलट आहे. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडलं की डोळ्यात व्हीईजीएफ हे प्रथिन वाढतं आणि नाजूक, गळक्या वाहिन्या उगवतात. इंजेक्शन या प्रथिनाला अडवतं.

‘वाहिन्या सुकल्या, धोका टळला.’ हा समज सर्वांत घातक. या वाहिन्यांसोबत पडद्यावर तंतूंचं जाळंही वाढलेलं असतं. औषधाने वाहिन्या आटतात, पण जाळं आकसतं आणि पडद्याला ओढतं. पडदा सुटू शकतो. बहुधा पहिल्या सहा आठवड्यांतच हे घडतं. शुगर बरीच वर्षं बेताबाहेर असेल आणि जाळं आधीच दाट असेल, तर जोखीम अधिक. म्हणून अशा डोळ्यात डॉक्टर अनेकदा शस्त्रक्रियेची तारीख ठरवूनच, त्याआधी काही दिवस इंजेक्शन देतात.

‘कॅन्सरचं औषध डोळ्यात, म्हणजे प्रयोग.’ कॅन्सरवरचं अवास्टिन हे औषध २००५पासून डोळ्यासाठी वापरलं जातं. वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या विकारात ते महागड्या ल्युसेंटिस या इंजेक्शनाइतकंच उपयोगी असल्याचं २०११च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. जानेवारी २०१६मध्ये गुजरातेत या इंजेक्शनानंतर १५ रुग्णांना त्रास झाला, तेव्हा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी त्याचा वापर थांबवायला सांगितलं. काही महिन्यांतच ती मनाई उठली. तरी काळजी हवी: मोठ्या कुपीतून छोटे डोस काढताना जंतू शिरू शकतात, बनावट कुपीचीही भीती असते. औषधाचं नाव आणि बॅच नंबर फाइलवर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

‘एकदा टोचलं की झालं.’ असर साधारण महिनाभराचा. शुगरच्या नव्या वाहिन्यांवर फक्त इंजेक्शनं घेऊन मध्येच येणं बंद करणाऱ्यांचं नुकसान लेझर उपचार झालेल्यांपेक्षा जास्त होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत जळगावला येणं जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. लेझरचा विचार होऊ शकतो.

इंजेक्शननंतर बुबुळाच्या बाजूला लाल डाग किंवा दोन दिवस तरंगणारे बुडबुडे दिसले, तर घाबरू नका. पण आठवडाभरात दुखणं वाढलं, लाली चढली, नजर अंधारली, तर तो डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग असू शकतो. तो क्वचितच होतो, हजारो इंजेक्शनांत एखाद-दुसरा. झाला तर तासांचाही फरक पडतो. मेडिकलवरून थेंब आणून सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.